आठवणीलाही वकिलात लागते

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान मोदी वॉर्सात उतरले. मोरारजी देसाईंनंतर पंचेचाळीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान पोलंडला गेला होता. त्या दिवशी त्यांनी तीन ठिकाणी फुलं वाहिली: नवानगरच्या जामसाहेबांचं स्मारक, मॉन्ते कसिनोच्या लढाईचं स्मारक आणि कोल्हापूरचं स्मारक. दुसऱ्या दिवशी इथं पेपरात ते वाचून 'आपलं कोल्हापूर तिकडं कुठं?' असं विचारणारे बरेच निघाले. साठीच्या पुढच्यांनी वळिवड्याचा कॅम्प निदान ऐकलेला असतो. तरुणांना महावीर गार्डनमधला पोलिश स्तंभही धड आठवत नाही. त्याच्या बाजूनं ते रोज सकाळी फेऱ्या मारतात.

*

हकिकत थोडक्यात. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसं १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तसे स्टालिनला मित्र हवेसे झाले. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला आणि ही माणसं सुटली. जनरल आन्देर्सनं त्यांच्यातून फौज उभी केली. ती इराणमार्गे बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग बायका, मुलं, म्हातारे. फौज पुढे इटलीत लढायला गेली. मागे उरलेल्यांना ठेवायचं कुठं? मग आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, हिंदुस्थान अशी पांगापांग झाली. जामनगरजवळ बालाचडीला मुलं आली, कोल्हापूरजवळ वळिवड्याला कुटुंबं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार माणसं होती. पुरुष लढाईवर किंवा मेलेले, त्यामुळे सगळा बायकामुलांचा गाव.

कौलारू बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सिनेमा, स्काउटांची पथकं. मिरजेहून कोल्हापूरला येणाऱ्या गाडीत बसलेल्या शिरोळच्या शेतकऱ्याला खिडकीतून दिसलेला हा पहिला युरोप. तो साहेबाचा नव्हता. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या, स्वतःचं धुणं स्वतः धुणाऱ्या गोऱ्या बायकांचा होता. याचा परिणाम त्या शेतकऱ्याच्या मनावर काय झाला असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी सांस्कृतिक घटना तीच.

*

'कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश निर्वासितांना आसरा दिला' हे वाक्य आता भाषणांतून पक्कं झालं आहे. पण त्या वेळी गादीवर कोण होतं ते बघा. राजाराम महाराज (शाहूंचे चिरंजीव) २६ नोव्हेंबर १९४० रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज १९४१ चे, म्हणजे पोलिश मंडळी आली तेव्हा गादीवर दीड-दोन वर्षांचं मूल. कारभार ताराराणींच्या रीजन्सीचा आणि वर ब्रिटिशांचा डोळा. १९४६ मध्ये ते बाळही गेलं. मग देवासहून शहाजी महाराज आले, तोवर १९४७ उजाडलं. म्हणजे कॅम्पच्या पाच वर्षांत कोल्हापूरला एक बाल राजा, एक रिकामी गादी आणि एक नवा राजा असं सगळं होऊन गेलं.

जमीन संस्थानची. परवानगी आणि बंदोबस्त ब्रिटिशांचा. खर्च परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर, आणि त्या खात्यात पैसा इंग्रजांच्या कर्जाचा. असं हे तिघांचं काम आहे. त्यानं संस्थानच्या औदार्याला उणेपणा येत नाही. पाच हजार परक्यांना नदीजवळची जागा द्यायला आणि आपल्या बाजारातून धान्य-भाजी पुरवायला मन लागतंच. पण तिघांच्या कामाचा पुतळा करता येत नाही.

*

बालाचडीला मुलं हजाराच्या आत-बाहेर. तरी वॉर्सात चौक जामसाहेबांच्या नावाचा, शाळा जामसाहेबांच्या नावाची, मरणोत्तर पदक जामसाहेबांना. वळिवड्याला त्याच्या पाचपट माणसं आणि वाट्याला गावाचं नाव कोरलेला दगड. कारण उघड आहे. जामसाहेब दिग्विजयसिंहजी फेटा बांधून मुलांत बसायचे, नाटक बघायला जायचे, त्यांचे फोटो आहेत. दोन देशांच्या मैत्रीला असा एक चेहरा मिळाला की काम सोपं होतं. शाळेतल्या पोराला 'चांगला महाराजा' सांगता येतो, 'रीजन्सी कौन्सिल' सांगता येत नाही.

कोल्हापूरकर यावर जरा रुसून असतात. रुसायचं कारण नाही. चेहऱ्याऐवजी गावाचं नाव लागलं, हे मला उलट जास्त खरं वाटतं.

*

जुलै १९४५. इंग्लंड-अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या कम्युनिस्टधार्जिण्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारची काढून घेतली. वळिवड्यातल्या बायका रात्री एका देशाच्या नागरिक म्हणून झोपल्या आणि सकाळी उठल्या तेव्हा त्यांच्यामागचं सरकार नव्हतं. मुंबईतली पोलिश वकिलात बंद झाली. शिबिराचा भार आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे आणि हिंदुस्थान सरकारकडे आला. घरी परत जा म्हणावं, तर अनेकांची गावंच आता रशियाच्या हद्दीत. थोडे पोलंडला गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे विखुरले.

पुढची चाळीसेक वर्षं भारत आणि पोलंड यांचे संबंध उत्तम होते. यंत्रसामग्री यायची, कोळसा खाणीतले तज्ज्ञ यायचे, शिष्टमंडळं फुलं देऊन-घेऊन जायची, चित्रपट महोत्सव व्हायचे. आणि या सगळ्या मैत्रीच्या भाषणांत वळिवड्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. नाव घेतलं की 'ही माणसं तिथं पोचली कशी?' हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर सायबेरिया. मॉस्कोला ते चाललं नसतं. दिल्लीलाही मॉस्कोला दुखवायचं नव्हतं. दोन्ही सरकारांच्या हातात खरंखुरं, माणसांनी माणसांशी केलेलं नातं होतं आणि दोघांनी ते ट्रंकेत ठेवून वर कुलूप लावलं.

ते जपलं कुणी? वळिवड्यात वाढलेल्या पोरांनी. इंग्लंडात स्थायिक झालेल्यांनी 'भारतातले पोल' अशी आपली संघटना काढली, दर दोन-चार वर्षांनी भेटत राहिले, आठवणी गोळा करून जाडजूड पुस्तक छापलं, म्हातारपणी काठ्या टेकत कोल्हापूरला आले. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट पडली १९८९ मध्ये. त्यानंतरच्या सरकारांना तयार माल मिळाला.

सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री वळिवड्याला आले, स्तंभ उभा राहिला, संग्रहालयाची घोषणा झाली. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून पळालेली भारतीय पोरं पोलंडच्या सीमेवर थंडीत उभी राहिली आणि पोलंडनं त्यांना आत घेतलं, तेव्हा जामनगर-कोल्हापूरची आठवण दोन्ही बाजूंनी काढली गेली. आठवण काढली म्हणून सीमा उघडली असं कुणी समजू नये. पोलंडनं त्या दिवसांत लाखो युक्रेनी लोकांनाही घेतलंच. पण आभार मानताना काय बोलावं, याची शोधाशोध करावी लागली नाही. राजनीतीत हेही कमी नसतं.

*

आता गांधीनगर.

कोल्हापूर, सांगली, निपाणीकडचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातो. घाऊक कापडाच्या दुकानांच्या रांगा, शटरपुढं गठ्ठे, हातगाड्या, 'ये ताई, बघून तर जा' म्हणणारी सिंधी-मराठी बोली. हाच वळिवड्याचा कॅम्प. पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. निर्वासितांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत दुसरे निर्वासित. पोलिश माणूस पाच वर्षं राहून गेला. सिंधी माणूस राहिला, त्यानं धंदा उभा केला, तिसरी-चौथी पिढी आता कोल्हापुरी बोलते आणि पंचगंगेच्या पुरात सगळ्यांबरोबर गठ्ठे वरच्या मजल्यावर चढवते.

पण गांधीनगरात सिंधी निर्वासितांच्या त्या पहिल्या हिवाळ्यासाठी परदेशी मंत्री येऊन फीत कापत नाही. कोण येणार? त्यांनी सोडलेला मुलूख पाकिस्तानात. तिथल्या सरकारनं आभार मानावेत अशी काही ही गोष्ट नाही, आणि आपल्या सरकारला आपल्याच माणसांना ठेवून घेतल्याबद्दल कुणाचे आभार मानायचे नाहीत. ज्या आठवणीमागे वकिलात आहे तिला दगड मिळतो. बाकीच्यांना बाजार.

पोलिश कबरींची डागडुजी पोलंडनं केली. चांगलंच केलं. ती करायला एक देश होता.

*

कोल्हापूरचा इटलीशी संबंध पोलंडशी असलेल्या संबंधाहून जुना आहे आणि तो मरणातूनच सुरू झालेला.

राजाराम महाराज (हे आधीचे, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे) १८७० मध्ये विलायतेला गेले. वय वीस. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट पाहिलं, कारखाने पाहिले, रोज इंग्रजीतून डायरी लिहिली. त्यांच्याबरोबरच्या कॅप्टन वेस्टनं ती १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला हॉटेलातच गेले.

आता मंडळींपुढं प्रश्न दहनाचा. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी. सप्टेंबरात इटालियन फौजांनी पोपकडून रोम घेतलेलं, राजधानी हलवायची गडबड चाललेली, आणि त्यात हे हिंदू राजाचं प्रेत. ख्रिस्ती गावात प्रेत जाळणं ही कल्पनाच नव्हती. मिलानमधलं दहनगृह सुरू व्हायला अजून पाचेक वर्षं होती. तरी नगरपालिकेनं परवानगी दिली. बरोबरच्या लोकांनी जागा मागितली ती नद्यांच्या संगमाची. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथं मिळतो, त्या कास्चिने बागेच्या टोकाला रात्री चिता रचली आणि गाव बघायला लोटलं.

मला या प्रसंगात त्या परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल कुतूहल आहे. त्याच्या हाताशी नियम नव्हता, पूर्वीचा दाखला नव्हता, धर्माची अडचण होती. आणि एका रात्रीत त्यानं हो म्हटलं. पंचगंगेच्या घाटावर आज एखाद्या परदेशी पाहुण्याला त्याच्या रीतीनं मूठमाती द्यायची वेळ आली, तर आपल्याकडे किती टेबलांवरून फाइल फिरेल?

१८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. म्हणजे कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यानं आखला तोच. न्यू पॅलेसची तिकिटं काढून आत जाणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही, की याच हातची एक छोटी इमारत फ्लॉरेन्सला नदीकाठी आहे. जवळच १९७८ मध्ये मोठा पूल झाला. त्याला नाव मिळालं 'इंडियानो'. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि त्यातल्या बहुतेकांना तो इंडियानो कोण, हे ठाऊक नसणार. आपल्याला तरी महावीर गार्डनमधले कोण ठाऊक आहेत? फिट्टंफाट.

*

मॉन्ते कसिनोवरून सुचलं. वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि भाऊ तिथं लढत होते, त्याच इटलीत मराठा पलटणीही होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये वरच्या टायबरच्या खोऱ्यात पडले; व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसवलं. एकाची बायको कोल्हापूर संस्थानात सुरक्षित, दुसऱ्याची रायगडात वाट बघत. दोघांची पत्रं बहुधा एकाच लष्करी टपालातून गेली असतील.

*

एक पोलिश माणूस सरकारी खिजगणतीत कधी नव्हता. मॉरिस फ्रीडमन. वॉर्साचा ज्यू इंजिनिअर, म्हैसूर संस्थानच्या वीज कारखान्यासाठी बंगळुरूला आला आणि भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाला. १९३८ मध्ये तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानात पोचला, राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर खेडी हिंडला, आणि राजानं सत्ता प्रजेला देऊन टाकावी असा घाट घातला. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली, १९३९ मध्ये लागू झाली. सूर्यनमस्कारवाले बाळासाहेब पंतप्रतिनिधी खरोखरच बाजूला झाले.

त्याच अप्पासाहेबांना पुढे नेहरूंनी पूर्व आफ्रिकेत पाठवलं. मग इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली. राजदूत म्हणून त्यांची तालीम झाली ती औंधच्या चावड्यांवर, एका पोलिश संन्याशाच्या संगतीत. आणि फ्रीडमननं उतारवयात मुंबईच्या खेतवाडीत बिडीच्या दुकानदाराची, निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९७३ पासून जगभर वाचलं जातंय. सांस्कृतिक संबंध परिषदेचं किती वर्षांचं बजेट एवढं काम करेल?

*

सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं उलटं. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांच्यावर सिनेमा काढला तो कोल्हापूरच्याच शांतारामबापूंनी. १९६२ चं युद्ध झालं, सीमेवर आजही तणाव आहे, पण चीनचे मोठे पाहुणे कोटणीसांच्या घरच्यांना भेटत आले. २००६ मध्ये हू जिंताओ भेटले, सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत त्यांच्या बहिणीला भेटले. त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमारला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. भेट खरी होती, चुमारही खरं होतं. सांस्कृतिक मैत्रीच्या नावानं फार भाबडं लिहिणाऱ्यांनी हा आठवडा ध्यानात ठेवावा.

*

शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले. रोमचं कोलोझियम पाहून आले आणि कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, असं इथं सांगतात. दगड तिथून आणला नाही, करार केला नाही. बघितलं, पटलं, केलं. मधल्या हौद्यात लाल माती, भोवती चढत गेलेल्या बैठका, मागच्या माणसालाही लंगोटाचा पट्टा दिसावा असा उतार.

*

जून २०२५. मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये पोरं आपलं पायताण घालून चालली. नाव काय, तर 'चामडी सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही. मग जो गदारोळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. कंपनीनं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या घरांत बसून गेली, आणि डिसेंबरात मुंबईतल्या इटालियन वकिलातीत महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड इथं करून घ्यायचे, किंमत एका जोडाची आठशे युरोच्या घरात.

गमतीची गोष्ट अशी, की कोल्हापूरचं नाव लावायला प्राडाला भाग पाडलं ते २०१९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कागदापेक्षा इथल्या लोकांनी मोबाइलवर केलेल्या आरडाओरड्यानं. कागद असूनही कोर्टात फारसं काही हाती लागलं नाही. आणि ते मानांकन दोन राज्यांचं आहे, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. बेळगाववरून एकमेकांची बस अडवणारी राज्यं चपलेच्या करारावर शेजारी बसली. मिलाननं हे घडवलं, हे मान्य करायला पाहिजे.

सुभाषनगरला एका घरात जोड होताना पाहिला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, तळाचे थर, त्यांना कान शिवायचे, कानांतून पट्टा ओवायचा, अंगठा बसवायचा. वेणी घालायचं काम घरातल्या बाईचं. चामड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या दातात धरून ती ताणत होती आणि त्याच वेळी पोराला शाळेच्या डब्याचं ओरडत होती. खिळा कुठं नाही. कर्रकर्र वाजायला हवी असेल तर थरांत विंचवाची बी घालतात. हे काम करणारा समाज गावाच्या टोकाला ठेवला गेला होता आणि आता त्याच्या हातचा जोड दोन देशांच्या करारात आहे. त्या बाईला मी आठशे युरोचं सांगितलं. ती म्हणाली, 'त्यातलं आमच्याकडं किती येणार ते सांगा.'

*

मोदींनी वॉर्सात जाहीर केलं, की जामसाहेबांच्या नावानं दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलवायचं. नाव जामनगरचं असलं तरी त्यांना कोल्हापूरला आणावंच लागेल, आणि इथल्या कार्यक्रमपत्रिकेची मला आत्ताच काळजी वाटते. हार, फेटे, लेझीम, अंबाबाई, पन्हाळा, तांबडा-पांढरा. संध्याकाळी मंत्र्यांची वाट बघत तासभर. माझं म्हणणं, एक अख्खा दिवस त्यांना गांधीनगरला सोडा. सोबत भाषण करणारा कुणी नको, एक सिंधी आजोबा द्या आणि वळिवड्यातलं एखादं नव्वदीचं मराठी माणूस शोधून द्या. अजून असतील. नंतर पोरांना हवं तर कापड घेऊ द्या. भाव मात्र त्यांचा त्यांनी करावा.